चुकीच्या खेळाचं मानपत्र

बाल्टिमोरचा बोगदा अजून दहा मैल पुढे होता, आणि माझ्या हातून व्हायचा तो घोटाळा होऊनही गेला होता.

गाडीचा नव्हे. अमेरिकेत येऊन चार महिने आणि लायसन्स मिळून सहा आठवडे झाले होते. रस्त्याच्या उजवीकडून गाडी हाकणं अजून अंगवळणी पडलं नव्हतं. तरी त्या रविवारी सकाळी हर्नडनहून निघाल्यापासून माझ्यावर एकानेही हॉर्न वाजवला नव्हता. त्याच खुशीत मी शेजारी बसलेल्या मिस्टर हॅक्सबींना त्यांच्यावरचं मानपत्र म्हणून दाखवलं. सगळं, तोंडपाठ, इंग्रजीतून. ‘पंधरा वीरांच्या सेनेचे अजिंक्य सेनापती’ इथे आवाज थोडा चढवला. शेवटी शंभर वर्षं जगा म्हणून थांबलो. नागपूरला या जागी टाळ्या पडतात.

मिस्टर हॅक्सबी काचेतून बाहेर बघत होते. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग ते म्हणाले, “तेरा.”

“काय?”

“आमच्यात तेरा असतात. पंधरा ते दुसरे.”

मागच्या सीटवरून बायकोने माझ्या खांद्याला बोट लावलं. तेवीस वर्षांच्या संसारात त्या बोटाचा अर्थ मला कळतो. आता गप्प बसा, असा तो आहे. मी गप्प बसलो नाही. “आकडाच आहे ना, बदलून टाकू की,” असं म्हणालो. बोट पुन्हा लागलं, या वेळी जोरात.

आता थोडं मागे जातो. आमच्या विमा कंपनीच्या नागपूर कचेरीत कोणी निवृत्त झालं की मानपत्राचं काम माझ्याकडे यायचं. तिथून माझी कीर्ती कॉलनीत पसरली. पोस्टमास्तर, मुख्याध्यापिका, होमिओपॅथीचे डॉक्टर, सगळ्यांना मी गौरवलं आहे, आणि खरं सांगायचं तर एकाच मजकुराने. ‘अजिंक्य’, ‘अजातशत्रू’ आणि ‘अष्टपैलू’ हे तीन शब्द कुणालाही बसतात. नाव, खातं आणि सेवेची वर्षं तेवढी बदलायची. कंपनीने संगणकाच्या कामासाठी मला वर्षभर व्हर्जिनियाला पाठवलं, तेव्हा मानपत्रांतून सुटलो असं वाटलं होतं. पण खोड सामानाबरोबर आली.

मिस्टर विल्फ हॅक्सबी आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये मुलीकडे राहत. वय शहात्तर. दोन्ही गुडघे धातूचे, डावा कान सुकवलेल्या जर्दाळूसारखा, आणि हातांची बोटं अशी की एकाची दिशा दुसऱ्याला मान्य नाही. मूळचे ते इंग्लंडच्या उत्तरेकडचे, लोकरीच्या गिरण्यांच्या मुलखातले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बायकोला ‘लव्ह’ म्हणून हाक मारली. मी चपापलो. पुढे कळलं की त्यांच्याकडे भाजीवालीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना असंच म्हणतात. मला ते ‘लॅड’ (पोरगा) म्हणत. केसांना कलप लावून मला जे जमलं नव्हतं ते त्यांनी एका शब्दात केलं. बायको, म्हणजे वैजू, त्यांना सरळ ‘काका’ म्हणायची आणि तेही जन्मभर काकाच असल्यासारखे वळून बघायचे.

एक दिवस त्यांची मुलगी वर आली. ती नर्स आहे. म्हणाली, “बाबा एके काळी रग्बीतले नावाजलेले खेळाडू होते, देशाकडून खेळलेले. फिलाडेल्फियाजवळ त्यांनी स्वतः काढलेला एक छोटा क्लब आहे. रविवारी तिथे त्यांना बोलावलंय आणि मला नेमकी ड्यूटी आहे.”

मी नेतो म्हणालो. मोठा खेळाडू, जुना क्लब आणि खास बोलावणं, म्हणजे सत्कारच असणार. सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि मानपत्र. शाल वैजूची होती, नारळ इंडियन स्टोअरमधला. माहिती मी लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकातून काढली. पुस्तक रग्बीचंच होतं. रग्बी दोन असतात आणि त्यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य असतं, हे मला कोण सांगणार?

ते बोगद्यानंतर त्यांनीच सांगितलं, रस्त्याकडे बघत, हवामान सांगावं तसं.

“एकोणीस वर्षांचा होईपर्यंत मी पंधरांचाच खेळ खेळत होतो. गावातल्या क्लबात एक लाकडी फळी होती. तिच्यावर चांगल्या खेळाडूंची नावं सोनेरी अक्षरांत. माझंही होतं. मग तेरांच्या क्लबाने विचारलं. ते पैसे देत. मी गिरणीत खोके उचलत होतो. गेलो. पंधरांच्या लोकांचा कायदा होता, एकदा तेरांकडे गेला तो कायमचा गेला. त्याच आठवड्यात माझ्या नावावर तपकिरी रंग फासला.”

“मग तुमचे वडील काय म्हणाले, काका?” वैजूने मागून विचारलं.

“काही नाही. त्याच क्लबात जात राहिले. त्या फळीसमोर बसून बिअर पीत. घरी कधी बोलले नाहीत. माझा एकही सामना बघितला नाही, लव्ह.”

मी मनातल्या मनात मानपत्राची उजळणी केली. ‘पंधरा’ हा शब्द त्यात सात ठिकाणी होता.

मेरीलँडमधल्या एका थांब्यावर उतरलो. त्यांना गाडीतून काढणं हे मोठंच काम होतं. आधी पाय बाहेर, मग दाराची वरची कड धरायची, मग तीनपर्यंत मोजायचं. मी हात पुढे केला तर म्हणाले, “मोज फक्त.” मी मोजलं. ते उठले. बाकावर बसून वैजूने डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. त्यांनी पुरी दोन बोटांच्या चिमटीत धरली, कारण बाकीची बोटं मिटत नव्हती, आणि चार पुऱ्या संपवल्या. लोणच्याने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा म्हणाले की नाकाचं हाड तिसऱ्यांदा मोडलं होतं तेव्हासुद्धा एवढं आलं नव्हतं. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मला झोप येत होती.

“तुमचा सगळ्यात मोठा सामना कोणता?” मी विचारलं. मानपत्रवाल्याचं मन, ते काही सुटत नाही.

“लोक एकाच सामन्याबद्दल विचारतात. अंतिम सामना. सगळं गाव रिकामं होऊन बघायला आलं होतं. दोन गुणांनी हरलो.” मग बोटांचं लोणचं पुसत, “तू त्यात ते अजिंक्य का काय म्हणालास. आम्ही पुष्कळ हरलो, लॅड. मला काय आठवतं सांगू? सामन्यानंतरचा हौद. तेरा माणसं एकाच गरम पाण्याच्या हौदात. पाच मिनिटांत त्याचा चिखल व्हायचा. कुणाचा पाय कुणाचा ते कळायचं नाही. कोणी बोलायचं नाही. तसा थकवा पुन्हा कधी आला नाही. हल्लीचा वेगळा आहे. हल्लीचा झोपून जात नाही.”

सस्क्वेहॅना नदीवरचा पूल लागला. खाली पाणी इतकं रुंद आणि इतकं संथ की तेही सुट्टीवर असावं. डेलावेअरमध्ये टोलच्या रांगेत मी चुकीच्या खिडकीशी गेलो, मागच्या दोघांचे हॉर्न खाल्ले आणि सकाळपासूनचा विक्रम संपवला. त्या रांगेत मिस्टर हॅक्सबींनी खरं कारण सांगितलं.

“सत्कार नाहीये, लॅड. मतदान आहे.”

क्लबाला खेळायला समोर संघच उरले नव्हते. तेरांचा खेळ अमेरिकेत कुणाला ठाऊक नाही. आसपासचे दोन क्लब बंद पडले होते. पंधरांचे मात्र गावोगावी आहेत, कॉलेजांत आहेत. तेव्हा आपणही पंधरांचा खेळ धरावा असं पोरांचं म्हणणं होतं. कर्णधार डॅनी, पेशाने प्लंबर, त्याने फोनवर सांगितलं होतं की क्लब तुमचा आहे, विल्फ, तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

“आणि तुम्ही?”

“नाही म्हणायलाच निघालोय. नाहीतर हे गुडघे घेऊन एवढ्या लांब कशाला आलो असतो?”

नारळ मागच्या सीटवर घरंगळत या दारावरून त्या दारावर जात होता. वैजूने तो उचलून मांडीवर घेतला.

गाव जुन्या गिरण्यांचं निघालं. लाल विटांच्या तीन इमारती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. त्यातल्या एका गालिच्यांच्या गिरणीत मिस्टर हॅक्सबींनी मुकादम म्हणून काम केलं होतं. बायको असेपर्यंत ते इथेच राहत. ती गेली, आणि मुलीने त्यांना हर्नडनला नेलं. मैदान शाळेचं होतं, अमेरिकन फुटबॉलच्या पांढऱ्या रेघांनी आखलेलं. त्यांवर या लोकांनी निळ्या रंगाने आपल्या रेघा ओढल्या होत्या. दुसऱ्याच्या वहीत आपला गृहपाठ करावा तसं ते दिसत होतं. झाडांवर किडे करकरत होते. प्रेक्षक म्हणजे चार बायका, एक कुत्रा, बर्फाचा एक डबा आणि आम्ही.

डॅनी धावत आला. मान नव्हतीच, खांद्यांवर थेट डोकं. “विल्फ! आलात!” म्हणत तो वाकला आणि म्हाताऱ्याचे दोन्ही हात त्याने हळूच हातात घेतले, पक्ष्याची पिल्लं धरावी तसे.

“समोरचे कुठे आहेत?” मिस्टर हॅक्सबींनी विचारलं.

समोरचे संघवाले तीन गाड्यांतून निघाले होते. तिसरी गाडी वाटेत बंद पडली. आले होते नऊ जण. आपले चौदा. मग दोघे त्यांना उसने द्यायचे ठरलं, आणि त्या दोघांतला एक डॅनी स्वतः.

खेळ सुरू झाला. मी नागपूरला कचेरीच्या कबड्डी संघात तीन वर्षं होतो. नेहमी पहिल्यांदा बाद होणारा म्हणून मला चहापाण्याची व्यवस्था बघायला देत. त्यामुळे पकड म्हणजे काय एवढं मला कळतं. इथे एक जण चेंडू काखेत मारून धावतो, समोरचे दोघे-तिघे त्याला आडवा करतात. खरी गंमत त्यानंतर. सगळ्यांनी अंगावरून उठायचं आणि पडलेल्याने उभं राहायचं. चेंडू जमिनीवर ठेवायचा, टाचेने मागे सारायचा, तो मागच्याने उचलायचा आणि पुन्हा तेच. असं सहा वेळा. सहाव्यांदा पडलात की चेंडू समोरच्यांचा.

“पंधरांच्यात काय करतात?” मी विचारलं. आता विचारण्याला अर्थ नव्हता, पण विचारलं.

“पडलेल्यावर सगळे पडतात आणि ढीग करतात,” ते म्हणाले. “ढिगाला तिथे मान आहे. इथे उठावं लागतं. तेवढाच फरक आहे, आणि त्यावरून माझा बाप माझ्याशी बोलला नाही.”

ते वाकड्या बोटांवर मोजत होते. एक, दोन, तीन. दर वेळी पडलेला उठला की एक बोट. ऊन डोक्यावर आलं. डॅनी समोरच्यांच्या बाजूने खेळत होता आणि आपल्याच माणसांना पाडत होता. त्याच्याच धाकट्या भावाला त्याने दोनदा आडवा केला. दुसऱ्यांदा भावाला उठायला वेळ लागला. डॅनी वाकून त्याला काही म्हणाला आणि दोघं हसले, पण थकलेलं हसू ते. मिस्टर हॅक्सबींचं मोजणं तिथे थांबलं. हात मांडीवर ठेवून ते नुसते बघत राहिले. मध्यंतरानंतर तर कोण कुठल्या बाजूचा हे पंचालाही दोनदा विचारावं लागलं.

कोण जिंकलं ते मी विसरलो. बहुधा त्यांनाही नीट ठाऊक नसावं.

सामना संपल्यावर सगळे एका मोठ्या ओक झाडाखाली लोळले. वैजूने उरलेल्या पुऱ्या काढल्या. पहिल्या एकाने शंका घेत तुकडा मोडला आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात डबा रिकामा झाला. सकाळपासून पाहिलेली सगळ्यात खरी झटापट ती. मग डॅनी उभा राहिला. गुडघ्यातून रक्त येत होतं. त्याने फार लांबण लावली नाही.

“सगळ्यांना माहीतेय काय विचारायचंय. पण आधी विल्फ. विल्फ नाही म्हणाले तर विषय संपला.”

मला वाटलं, आता ‘नाही’ येणार. वैजूने शालीची घडी हातात घट्ट धरली होती. मिस्टर हॅक्सबींनी खुर्चीचे हात पकडले. मी सवयीने तीनपर्यंत मोजलं, मनात. ते उठले. एकेकाकडे बघितलं. डॅनीच्या भावाकडे जरा जास्त वेळ.

“आज तुम्ही आपसात खेळलात,” ते म्हणाले.

“हो, पण ती गाडी बंद...”

“मागच्या महिन्यात?”

डॅनीने गुडघ्यावरचं रक्त तळव्याने पुसलं.

“समोर कोणीतरी लागतं रे,” म्हातारा म्हणाला. मग त्यांनी उजवा हात वर केला. ती बोटं पाच दिशांना. “बदलाच्या बाजूने. एक मत.”

डॅनीच्या भावाने हात वर केला, मग एकेक करत सगळ्यांनी. डॅनीने सगळ्यांत शेवटी, आणि खाली बघत.

अशा प्रसंगी काय करावं हे ज्याला कळत नाही तो माणूस म्हणजे मी. मी पिशवीतली मानपत्राची लाल फितीची गुंडाळी अजून आत ढकलली. तर मिस्टर हॅक्सबी माझ्याकडे वळले.

“लॅड, तुझा तो कागद वाच.”

“नको, मिस्टर हॅक्सबी. तो चुकीचा आहे.”

“मघापर्यंत होता.” ते खुर्चीत टेकले. “आता यांना तोच लागणार. वाच.”

मी वाचलं. आयुष्यात पस्तीस-चाळीस मानपत्रं वाचली असतील, पण चुकीच्या खेळाचं हे पहिलंच. ‘पंधरा वीरांच्या सेनेचे’ म्हटल्यावर दोघे-तिघे फिसकन हसले. पुढच्या ‘पंधरा’ला कमी हसले. तिसऱ्यापासून कोणी हसलं नाही. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता, आणि प्रत्येक ‘पंधरा’ला मान किंचित हलवत होता, जसं दवाखान्यात सुई टोचताना आपण ‘हो, हो, चालू द्या’ करतो. वैजूने त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. हातात नारळ दिला. तो त्यांनी बघितला, वजन केलं आणि काखेत मारला, अगदी जसा मारायचा तसा. डॅनी तिथून उठून बर्फाच्या डब्याकडे गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

परतीचा रस्ता लांब झाला. मेरीलँडच्या त्याच थांब्यावर मी कॉफीच्या रांगेत वीस मिनिटं उभा राहिलो. तीन कप घेऊन परत आलो तर एक कप शर्टावर होता. मिस्टर हॅक्सबी आणि वैजू बाकावर बसले होते. तिच्या पर्समधलं पेन त्यांच्या मुठीत होतं, लहान मूल धरतं तसं. पुढ्यात कागद. मला बघून त्यांनी तो गुंडाळला. पत्ता वगैरे देत असतील असं मला वाटलं. पुढे बोगद्यात ते झोपले. हर्नडनला मुलगी दारात उभीच होती. त्यांनी तिला हात लावू दिला नाही. “मोज फक्त,” म्हणाले, मला. मी मोजलं. शाल अंगावर, नारळ काखेत, असे ते आत गेले.

चांगलं मानपत्र म्हणजे काय, याचा त्या रात्री विचार करत करतच मला झोप लागली. आजवर मी मजकूर तोच ठेवून नाव बदलत आलो होतो. ज्याचा सत्कार तो माणूस कोण, हे एकदाही विचारलं नव्हतं. पोस्टमास्तर अजातशत्रू होते का? मला काय ठाऊक. त्यांची निवृत्ती होती आणि माझ्याकडे कागद होता.

सकाळी चहा घेताना मी वैजूला म्हटलं, “काल माझी फार फजिती झाली नाही?”

“झाली की,” ती म्हणाली. खारी चहात बुडवली, तिचा तुकडा पडला, तो चमच्याने काढत बसली. “पण ते तुमचा कागद दुरुस्त करत होते, तुम्ही कॉफीला गेला होतात तेव्हा. सातही ठिकाणी पंधरा खोडून तेरा केलं. बोटं वळत नव्हती, एकेका आकड्याला केवढा वेळ. मी म्हटलं, काका, द्या मी करते. तर नाही म्हणाले.”

“आणि ते अजिंक्य? तेही खोडलं असेल.”

“तेच मी विचारलं,” वैजू म्हणाली. “पेन तिथे नेलं होतं त्यांनी. मग टोपण लावून मला परत दिलं. म्हणाले, राहू दे, लव्ह. त्याने मनापासून लिहिलंय.” तिने कप उचलले. “मी काही सांगितलं नाही त्यांना, तुम्ही ते पोस्टमास्तरांनाही लिहिलं होतं म्हणून.”